सुभाष गुप्ते : हॉल ऑफ फेमबाहेरचा फिरकीचा बादशहा

मुंबईत 1929 साली जन्मलेल्या सुभाष गुप्ते यांनी 36 कसोटींत 29.55 च्या सरासरीने 149 बळी घेतले. चेंडूला भरपूर उंची, मोठे वळण आणि दोन प्रकारच्या गुगली हा त्यांचा ऐवज. 1955-56 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोटींत त्यांनी 34 बळी टिपले. 1958 मध्ये कानपूरला, वेस्ट इंडीजच्या एकाच डावात 102 धावांत 9! दहावा, लान्स गिब्ज, वसंत रांजणे यांनी त्रिफळाचीत केला. वेस्ट इंडीजचे अष्टपैलू गॅरी सोबर्स यांनी तर गुप्ते यांना सर्वोत्तम लेगस्पिनर मानले. 1961 च्या दिल्ली कसोटीनंतर, खोलीतल्या साथीदारावरील तक्रारीपायी, स्वतःचा दोष नसताना त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढे ते त्रिनिदादला स्थायिक झाले. 2002 मध्ये तिथेच निधन. आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये भारताचे फिरकीपटू विनू मंकड आणि बिशनसिंग बेदी आहेत; त्यांच्या पंगतीत गुप्ते यांचा पाट निःसंशय हक्काचा आहे.