तोच ठोकळा, दुसऱ्यांदा
(लेखमाला : शाळेच्या आतल्या खोल्या, लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात आपण मॉन्टेसरी शाळेतल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत होतो. आज पलीकडचे दार उघडायचे, नऊ ते बारा वर्षांच्या मुलांचे. पण आधी एक लाकडी पेटी पाहून घेऊ.

बालघराच्या कपाटात ती असतेच. आत २७ ठोकळे. तीन घन आहेत, एक लाल, एक निळा, एक पिवळा. अठरा ठोकळ्यांच्या दोन-दोन बाजू रंगीत, बाकीच्या काळ्या. आणि सहा ठोकळे सगळीकडून काळेकुट्ट. चार-साडेचार वर्षांचे मूल रंगाला रंग भिडवत थरावर थर रचते आणि झाकण बसले की खूश होते. काळे ते काळे का, हा प्रश्न त्याला पडत नाही. कुणी सांगूही नये.

पाच-सहा वर्षांनी तीच पेटी पुन्हा टेबलावर येते. आता समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी असते. बाई एवढेच करतात, की लाल घनाच्या कडेला ‘अ’ म्हणायचे, निळ्याच्या ‘ब’ आणि पिवळ्याच्या ‘क’, असे ठरवून देतात. मग प्रत्येक ठोकळ्याला त्याचे नाव द्यायचे. मुलगी ठोकळे उलटेपालटे करते, मापते, चिठ्ठ्या लिहिते. बऱ्याच वेळाने तिला दिसते, की रंग फक्त चौरसाला दिला आहे. जिथे अ गुणिले अ, तिथे लाल. ब गुणिले ब, तिथे निळा. त्या सहा काळ्या ठोकळ्यांची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वेगळी, म्हणून त्यांना चौरस बाजूच नाही आणि रंगही नाही. तीन, अठरा आणि सहा. अ, ब, क यांच्या बेरजेचा घन तिच्या हातात उलगडून पडलेला असतो. आम्ही शाळेत साध्या (अ + ब)च्या घनाचे सूत्र घोकले होते. त्यातला ‘तीन’ कुठून आला हे मला चाळिशी उलटल्यावर, अशीच धाकटी पेटी हाताळताना कळले.

या वयाच्या शिक्षणाची गुरुकिल्ली मला या पेटीत दिसते. नऊच्या पुढच्या मुलाला सगळे नवेच द्यावे लागते असे नाही. जे त्याच्या हातांना आधीपासून माहीत आहे, त्याचे कारण आता त्याला हवे असते.

आपल्याकडे ‘मॉन्टेसरी’ म्हटले की बालवाडीच डोळ्यांपुढे येते. त्याला इतिहास आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे काम केले, त्यात शाळेआधीचे मूल केंद्रस्थानी होते. ते योग्यच होते, पण शब्द तिथेच रुतून बसला. गंमत अशी, की सहा ते बारा वर्षांच्या मुलांविषयीचा मॉन्टेसरीबाईंचा विचार पिकला तो आपल्याच देशात.

१९३९च्या नोव्हेंबरमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया मॉन्टेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. १९४०च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिशांच्या लेखी ही मायलेकरे शत्रुराष्ट्राची ठरली. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर पडायची बंदी झाली. मुलगा मारिओ याला थेट अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून सरकारने मुलगा परत दिला. पुढे १९४२ ते १९४४ हा काळ दोघे कोडाईकनालला होते. तिथल्या डोंगरात, लहानमोठ्या वयाच्या मुलांच्या संगतीत, झाडे, दगड, पाणी, किडे यांचा एकमेकांशी असलेला संबंध शोधत ‘वैश्विक शिक्षण’ आकाराला आले. नाव जरा भारदस्त आहे, मान्य. प्रत्यक्षात त्याचे पाय चिखलात असतात.

हे शिक्षण पाच मोठ्या गोष्टींवर उभे आहे. विश्वाची, जीवसृष्टीची, माणसाची, लिपीची आणि अंकांची. त्या दर वर्षी पुन्हा सांगतात. सातव्या वर्षी मूल ज्वालामुखीच्या धुराकडे डोळे विस्फारून बघते. तेच मूल अकराव्या वर्षी विचारते, “हे कुणी मोजलं? कसं?”

माणसाच्या गोष्टीआधी काळ्या कापडाची लांबलचक पट्टी उलगडतात. तिची लांबी शाळेगणिक वेगळी असते. ३० मीटर धरली, तर पृथ्वीची ४६० कोटी वर्षे तेवढ्यात बसवायची. सगळे मिळून ती ओढत वऱ्हांड्यातून अंगणात नेतात. काळेच काळे. शेवटच्या टोकाला लाल चिंधी, ती म्हणजे आपण. मोठ्या मुलांना मग हिशेब सुचतो. आपल्या जातीच्या माणसाची तीन लाख वर्षे या पट्टीवर किती? भागाकार केला की उत्तर येते दोन मिलिमीटर. चिंधी चुकीची निघते, फारच रुंद! अशी चूक सापडल्याचा जो आनंद या वयात होतो, तो बक्षिसाने होत नाही.

अंकांच्या गोष्टीसाठी जुन्नर परिसरातल्या शिक्षकाने बॅबिलोनपर्यंत जायलाच हवे असे नाही. नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी अंक कोरलेले आहेत. लिपीच्या गोष्टीत मोडी यावी. साचा परदेशी असला तरी सारण घरचे भरता येते, आणि भरावेच.

वेळापत्रकाबद्दल पालक हमखास विचारतात. सकाळी सलग तीनेक तास, मध्ये घंटा नाही. मूल काय केले ते वहीत लिहिते आणि आठवड्यातून एकदा बाईंसोबत बसून ती वही चाळते. सरकारी अभ्यासक्रमही त्याच्यापुढे मोकळा ठेवलेला असतो. राज्यातल्या पाचवीच्या मुलाला काय यायला हवे ते वाचून, आपले काय राहिले हे त्याने स्वतः ताडायचे. अपूर्णांकांचा भागाकार तीन आठवडे चुकवणारा वीर इथे आपसूक सापडतो.

एक इशारा. ‘मॉन्टेसरी’ या नावावर कुणाचीच मक्तेदारी नाही, कोणीही पाटीवर लिहू शकतो. तीन ते सहाचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेला या वर्गासाठी निराळे प्रशिक्षण लागते. तेव्हा शाळा पाहायला जाल तर हे जरूर विचारा.

आणि या वर्गाची खरी परीक्षा वर्गाबाहेर होते. तिला ‘बाहेर जाणे’ म्हणतात. ती सहल नव्हे. सहलीत साठ मुले, दोन बस, टोप्या आणि वेफर्स. इथे तीन किंवा चार मुले, त्यांचा स्वतःचा प्रश्न. खडकांचा अभ्यास करताना उत्तर पुस्तकात मिळाले नाही, तर ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जायचे. कुणाकडे, कधी, कोणत्या बसने, सुटे पैसे किती, सगळे त्यांनीच ठरवायचे. सोबत एक मोठे माणूस असते, पण मागे चालणारे. आपल्या शहरांत हे अवघड आहे. रस्ते तसे आहेत, आणि आपली भीतीही.

सुरुवात फोनने होते. “नमस्कार, मी... आम्ही शाळेतून बोलतोय,” म्हणताना मुलीचा आवाज कापतो. दोघे मित्र तिच्या कोपराला धरून उभे. पलीकडचे काका विचारतात, “तुमच्या बाई कुठे आहेत? त्यांना द्या.” ती फोनवर हात ठेवून वळून बघते. बाई चार हातांवर दुसऱ्या एकाला वर्गमूळ दाखवत बसलेल्या, मान खाली. पण त्यांच्या हातातला मणी मघापासून तिथेच आहे.