पावसाळ्यात सांधा का सुटतो?

पनवेलच्या जुलैमधल्या हवेत मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात. अशा दिवसांत तुम्ही चिकटवलेली लाकडी चौकट दुसऱ्याच दिवशी सुटली, तर दोष हवेचा असू शकतो.

पूर्वी सुतार सरस शिजवून वापरीत. १९५९ साली फेव्हिकॉल आले. हा पांढरा द्रव म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे सूक्ष्म कण. पाणी लाकडात मुरते, हवेत उडते. मग कण एकजीव होऊन पारदर्शक पापुद्रा बनतो. दमट हवेत पाणी सावकाश उडते. म्हणून सांधा दोरीने आवळून पूर्ण एक दिवस तसाच ठेवा. काचेला काच जोडताना मात्र पाण्याला वाटच नसते. तेथे दोन नळ्यांतले इपॉक्सी घ्या. ते रासायनिक क्रियेने घट्ट होते.

लाखेच्या पॉलिशलाही दमट हवा बाधते. त्यातील स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प साचते व पांढुरके डाग पडतात. तेव्हा उघडीप पाहून, खिडक्या उघडून, विस्तवापासून दूर पॉलिश करा.

पांढऱ्या द्रवाचा एक थेंब काचेवर, एक लाकडावर ठेवा. आधी पारदर्शक कोणता होतो? वेळ लिहून ठेवा आणि कारण सांगा.