अडीच लाख की आठ लाख?

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. केंद्राच्या २०२१च्या नियमावलीत तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. तहसीलदाराच्या दाखल्यावर दोन लाख साठ हजार आले, की शिष्यवृत्ती हुकलीच. महाराष्ट्रात अशांना ‘फ्रीशिप’मधून शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते, निर्वाहभत्ता मात्र नाही, आणि खानावळवाला काही दाखला बघून जेवू घालत नाही. उलट २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ‘ईडब्ल्यूएस’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची उत्पन्नमर्यादा आठ लाख. आरक्षण जागा देते, शिष्यवृत्ती खर्च उचलते, हे मान्य; तरी एक पट्टी दुसरीच्या तिपटीहून लांब कशी, हे ‘गुणवत्ते’वर तावातावाने भांडणारे क्वचितच विचारतात.