‘टॉवरला जागा देणे’ : एका शब्दप्रयोगाचा अर्थविचार

गोंदिया जिल्ह्यात मोबाइलच्या मनोऱ्यासाठी खाजगी जमीन उपलब्ध करून देण्याच्या व्यवहाराला सर्वसामान्यपणे ‘टॉवरला जागा देणे’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगातील ‘देणे’ हे क्रियापद मराठीत अत्यंत व्यापक आहे. मुलगी देणे, शब्द देणे, उसने देणे, वाट देणे, दान देणे या सर्व ठिकाणी क्रियापद एकच. परंतु दिलेली वस्तू परत यावयाची किंवा नाही, आणि देणाऱ्याचा तिच्यावर काही अधिकार उरतो किंवा नाही, याचा बोध क्रियापदावरून होत नाही. तो संदर्भावरून होतो. दैनंदिन व्यवहारात ही संदिग्धता कोणाला बाधत नाही. वीस वर्षांच्या मुदतीच्या दस्तावर सही करणाऱ्या धान-उत्पादकाला मात्र ती बाधते. कारण त्याने नेमके काय ‘दिले’ हे विधीच्या परिभाषेतील तीन वेगवेगळ्या नामांवर अवलंबून असते. भाडेपट्टा, परवाना आणि सुविधाधिकार ही ती तीन नामे होत. त्यांच्या अर्थक्षेत्रांची मर्यादा स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. परिभाषेचा प्रदेशाशी संबंध

ही परिभाषा या प्रदेशाला नवी नाही. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तत्पूर्वी हा सर्व भाग भंडारा जिल्ह्यात, आणि ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतात होता. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आरंभी ज्या तीन प्रदेशांना लागू झाला ते मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्ग होत. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू करण्यात आला. म्हणजे आज ज्याला पूर्व विदर्भ म्हणतात त्या भागात ‘ईझमेंट’ ही संहिताबद्ध संकल्पना पुण्या-मुंबईच्या नऊ वर्षे आधी आली. तिला मराठीत ‘सुविधाधिकार’ आणि हिंदीत ‘सुखाचार’ असे प्रतिशब्द घडविण्यात आले. दोन्ही प्रतिशब्द मूळ फ्रेंच शब्दातील ‘सोय’ या अर्थाचा अनुवाद करतात. पण बोलीत त्यांपैकी एकही रुजला नाही. बोलीत ‘वहिवाट’ हाच शब्द राहिला.

२. भाडेपट्टा

१८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ अन्वये भाडेपट्टा म्हणजे स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या अधिकाराचे हस्तांतरण होय. हे हस्तांतरण ठराविक काळापुरते किंवा कायमचे, आणि मोबदल्याच्या बदल्यात होते. येथे ‘हस्तांतरण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मालकी हस्तांतरित होत नाही, परंतु जमिनीतील एक हितसंबंध पट्टेदाराकडे जातो. त्यामुळे पुढे मालकाने ती जमीन विकली तरी खरेदीदाराला पट्टा पाळावा लागतो. आणि करारात विरुद्ध तरतूद नसेल तर पट्टेदार आपला हक्क दुसऱ्याकडे सोपवू शकतो. एका मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची यंत्रे बसतात, हे लक्षात घेता या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो.

३. परवाना

सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधील परवान्याची व्याख्या भाषादृष्ट्या लक्षणीय आहे, कारण ती अंशतः नकारात्मक आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर, एरवी जे बेकायदेशीर ठरले असते, असे काही करण्याचा अधिकार म्हणजे परवाना. मात्र तो अधिकार सुविधाधिकारही नसावा आणि मालमत्तेतील हितसंबंधही नसावा. म्हणजे दोन भरीव पदांच्या मधल्या रिकाम्या जागेला दिलेले हे नाव आहे. परवाना सामान्यतः दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. जमीन विकली गेल्यास नवा मालक त्याने बांधलेला नसतो. आणि देणारा तो परत घेऊ शकतो.

या शेवटच्या नियमाला कलम ६० मध्ये एक अपवाद आहे. परवानाधारकाने परवान्यावर विसंबून खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर परवाना रद्द करता येत नाही. काँक्रीटच्या पायावर उभा केलेला मनोरा ‘कायम स्वरूपाचा’ की नव्हे, हा प्रश्न त्यामुळे केवळ शब्दच्छल राहत नाही. ‘कधीही परत घेता येईल’ अशा समजुतीने दिलेली जागा या एका विशेषणापायी अडकू शकते. म्हणूनच परवाना कोणत्या परिस्थितीत रद्द होईल हे दस्तातच स्पष्ट लिहिणे इष्ट ठरते.

दस्ताच्या शीर्षस्थानी ‘परवाना’ असे लिहिले म्हणजे तो परवाना ठरतो, असे मात्र नाही. दिल्लीतील एका हॉटेलात केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिलेल्या जागेच्या दस्तावर तो परवाना असल्याचे लिहिलेले होते. १९५९ साली असोशिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने भाडेपट्टा ठरविला. दस्ताच्या रूपापेक्षा आशय पाहावा, पक्षांचा हेतू शोधावा, आणि अनन्य ताबा दिला असल्यास सकृद्दर्शनी तो पट्टा मानावा, हे सूत्र न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यात मांडले. शब्दाचा अर्थ त्याच्या प्रयोगावरून ठरतो, या भाषाशास्त्रातील तत्त्वाचाच हा विधिक्षेत्रातील अवतार म्हणता येईल. कुंपण घालून कुलपाची किल्ली कंपनीनेच ठेवली असेल, तर शीर्षकातील ‘परवाना’ या शब्दाचा मालकाला फारसा आधार उरत नाही.

४. सुविधाधिकार आणि वाट

सुविधाधिकाराच्या व्याख्येत दोन जमिनी अभिप्रेत असतात : एक, जिच्या उपभोगासाठी अधिकार असतो ती, आणि दुसरी, जिच्यावर त्याचा भार पडतो ती. कलम ४ अन्वये हा अधिकार व्यक्तीला व्यक्ती म्हणून नसून एखाद्या जमिनीचा मालक किंवा भोगवटादार म्हणून असतो. यास्तव, ज्या कंपनीकडे शेजारी कोणतीही जमीन नाही तिला केवळ मनोरा उभारण्यापुरता ‘सुविधाधिकार’ मिळाला, असे म्हणणे भारतीय विधीच्या चौकटीत बसत नाही. मनोऱ्याच्या जागेपुरता व्यवहार पट्ट्याचा किंवा परवान्याचाच असतो.

परंतु मनोऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा प्रश्न निराळा आहे, आणि गोंदियाच्या भूरचनेत तोच अधिक नाजूक आहे. येथील शेत म्हणजे धुऱ्यांनी विभागलेल्या बांध्यांची उतरंड. एका बांधीतील पाणी दुसरीत उतरते. शेताच्या मधोमध जागा पट्ट्याने दिली आणि वाटेविषयी दस्तात काहीच लिहिले नाही, तरी कलम १३ अन्वये पट्टेदाराला मालकाच्या उर्वरित जमिनीतून आवश्यकतेपुरती वाट मागता येते. रोवणी झालेल्या बांधीतून डिझेलची गाडी जाण्याचा प्रसंग अशा मौनातून उद्भवतो. मात्र कलम १४ ने मालकालाही एक अधिकार दिलेला आहे : आवश्यकतेची वाट कोठून जावी हे आखून देण्याचा अधिकार त्याचा आहे, वाट वाजवी रीतीने सोयीची असावी एवढीच अट आहे. तसेच आवश्यकता संपली की ही वाटही संपते. मनोरा पांदणीलगतच्या बांधीत उभारण्याचा आग्रह धरणे, किंवा वाट धुऱ्याच्या कडेने नकाशावर आखून देणे, हे यावरून मालकाच्या हाती असते.

येथे विदर्भातील आणखी एका शब्दपरंपरेचा उल्लेख आवश्यक आहे. मालगुजारी पद्धती १९५१ साली संपुष्टात आली, तरी गावाच्या सामाईक हक्कांची ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ ही दोन कागदपत्रे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कायम राहिली. ‘निस्तार’ या शब्दाच्या मुळाशी पार पडणे, निभावणे हा अर्थ आहे. मराठी ‘निस्तरणे’ त्याचाच सोयरा. निस्तार पत्रक हे गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीसंबंधी असते. वाजिब-उल-अर्ज, म्हणजे निवेदन करणे आवश्यक असलेले, यात मात्र शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवरील सिंचनाचे, वाटेचे व अन्य सुविधाधिकाराचे आणि मासेमारीचे रूढ हक्क नोंदविलेले असतात. म्हणून खाजगी बांधीतून बोडीकडे जाणारी जुनी वाट सात-बारावर दिसत नसली, तरी ती या कागदात असू शकते. तिच्यावर मनोऱ्याचे कुंपण पडल्यास वाद कंपनी आणि मालक यांच्यापुरता न राहता गावाचा होतो.

५. मनोरा : स्थावर की जंगम ?

दिलेल्या जागेवर जे उभे राहते त्याचे वर्गीकरणही एकार्थी नाही. १६ डिसेंबर २०१६ रोजी अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोबाइलचा मनोरा मालमत्ता कराच्या प्रयोजनार्थ ‘इमारत’ या संज्ञेत येतो असे ठरविले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी भारती एअरटेलच्या प्रकरणात, अबकारी कराच्या वजावटीच्या संदर्भात, तोच मनोरा सुटा करून हलविता येतो म्हणून जंगम ठरला. यात वरवर दिसतो तसा विरोध नाही. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने मनोऱ्याची व्याख्या केली नसून एका विशिष्ट अधिनियमातील शब्दाची व्याप्ती ठरविली आहे. म्हणूनच दोहोंपैकी एकही निर्णय कलम ६० मधील ‘कायम स्वरूपा’च्या प्रश्नाचे आपोआप उत्तर देत नाही.

दूरसंचार अधिनियम, २०२३ ने या शब्दसमूहात ‘मार्गाधिकार’ हे चौथे पद आणले आहे. त्याच्या संबंधित तरतुदी २६ जून २०२४ पासून आणि त्याखालील मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आहेत. कलम १२ अन्वये खाजगी मालकाशी परस्परसंमत मोबदल्याचा करार करावयाचा असतो. त्याने नकार दिल्यास, सार्वजनिक हितासाठी आवश्यक आहे असे केंद्र शासनाने ठरविले तर, विहित रीतीने तो अधिकार संपादन करता येतो. मात्र कलम १४ प्रमाणे कंपनीला जमिनीत वापराखेरीज अन्य हक्क, मालकी वा हितसंबंध मिळत नाही, आणि उभारलेली यंत्रणा त्या जमिनीचा भागही समजली जात नाही.

६. निष्कर्ष

दस्त वाचताना शीर्षकापेक्षा क्रियापदांकडे लक्ष देणे आवश्यक ठरते. ताबा कोणाकडे राहील, हक्क पुढे कोणाला सोपविता येईल, मुदतीपूर्वी करार कोण मोडू शकेल, पाया कोण काढून नेईल आणि वाट कोठून जाईल, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या वाक्यांत असतील तीच दस्ताचा खरा अर्थ होत. जमीन आदिवासी भोगवटादाराची असल्यास बिगर-आदिवासीला पट्टा देण्यासही महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. पट्टा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा असेल तर शासनाची मान्यताही लागते. देवरी आणि सालेकसा या तालुक्यांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

‘देणे’ या क्रियापदाच्या संदिग्धतेचा लाभ घेणारे आणखी एक प्रकरण म्हणजे मनोऱ्याच्या नावाने होणारी फसवणूक. अनामत, कर किंवा ना-हरकत प्रमाणपत्र यांच्या नावाखाली जागामालकाकडूनच पैसे मागणारी बनावट पत्रे पाठविली जातात. मनोऱ्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही व असे प्रमाणपत्र देत नाही, असे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वेळोवेळी जाहीर केलेले आहे. जागा देणाऱ्याने पैसेही द्यावेत अशी मागणी ज्या पत्रात असेल, ते पत्र तेथेच खोटे ठरते.

तात्पर्य, परिभाषा मराठीत आणणे एवढ्याने कार्य संपत नाही. ‘सुविधाधिकार’ हा प्रतिशब्द कोशात निर्दोष असेल. पण ज्याच्या बांधीतून वाट जाणार त्याला तो ‘वहिवाट’, ‘धुरा’, ‘पांदण’ या शब्दांतून समजावून दिला जात नाही, तोवर त्याची सही ही त्याच्या संमतीची खूण मानणे कठीण आहे.