कथा स्वतः गाऊ लागते तेव्हा

धाराशिव शहराजवळची लेणी आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. या लेण्यांची कथा सांगणारे एक प्राचीन काव्य आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ हे ते अपभ्रंश भाषेतील, दहा संधींचे काव्य. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला राजा करकंड तेरापुराजवळ, म्हणजे आपल्या तेरजवळ, तळ देतो. तेथे एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करताना त्याला दिसतो. वारूळ खणताच पार्श्वनाथांची मूर्ती प्रकट होते. डॉ. हीरालाल जैन यांनी हे काव्य संपादित करून १९३४ साली कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. परंतु काव्य छापले जाणे निराळे आणि ते लोकांच्या कंठी बसणे निराळे. हे दुसरे कसे घडते, ते पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

रशियन कवी पुश्किनची ‘येवगेनी ओनेगिन’ ही पद्यमय कादंबरी १८३३ साली प्रथम एकत्र प्रसिद्ध झाली. तिचे सारे सौंदर्य निवेदकाच्या मिस्कील बोलण्यात आहे. नायिका तात्याना ओनेगिनला प्रेमपत्र लिहिते. तेही निवेदकच आपल्याला वाचून दाखवतो, आणि मूळ पत्र फ्रेंचमध्ये होते, मी केवळ भाषांतर करतो आहे, अशी मखलाशी करतो! चायकोव्हस्कीने १८७७ साली या कथेचा ऑपेरा करावयास घेतला, तेव्हा त्याने हा लाडका निवेदकच बाजूला केला. पत्राच्या प्रसंगावर तो आरंभीच कामाला लागला. रंगमंचावर रात्री एकटी बसलेली मुलगी लिहिते, थांबते, पुन्हा लिहिते, आणि जे लिहिते ते गाते. ते पत्र आता कोणी वाचून दाखवत नाही. १८७९ च्या मार्च महिन्यात मॉस्कोच्या संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्याचा पहिला प्रयोग केला.

पुढच्याच वर्षी पुण्यात असेच काही घडले, आणि ते घडवणारा गृहस्थ महसूल खात्यात नोकरी करणारा होता. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ सालचा, गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले होते. भाव्यांच्या नाटकांत पदे म्हणावयाची ती सूत्रधाराने. पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल तसे बोलावयाचे. म्हणजे दुःख सीतेचे आणि गाणे सूत्रधाराचे. अण्णासाहेबांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले, तेव्हा सूत्रधार आरंभीचे आपले काम संपवून निघून गेला आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. ऑपेऱ्यात सारेच गायचे असते. येथे गद्य संवाद राहिले, आणि मन भरून आले की पद.

‘शाकुंतल’ला कालिदासाच्या नाटकाचा आधार तयार होता. खरी कसोटी लागली ती ‘सौभद्र’मध्ये, त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाले. महाभारताच्या आदिपर्वात सुभद्राहरणाची कथा श्लोकांतून येते. रैवतक पर्वतावर उत्सव असतो, अर्जुन सुभद्रेला पाहतो, कृष्ण हरणाची युक्ती सांगतो, बलराम संतापतो आणि कृष्ण त्याची समजूत काढतो. भाऊ बोलतात, वर बोलतो. जिचे हरण होते तिचा शब्द त्या प्रसंगात ऐकू येत नाही.

अण्णासाहेबांनी नेमकी तीच जागा हेरली. भागवतात बलरामाच्या मनात दुर्योधनाचे स्थळ आहे आणि अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत राहतो. तो धागा त्यांनी घेतला आणि त्याभोवती एक नांदते घर उभे केले. वडीलबंधूंनी स्थळ ठरवले आहे, वहिनी रुक्मिणी मनातले ओळखून आहे, धाकटा भाऊ साळसूदपणे डाव टाकतो आहे, आणि ज्या यतीच्या सेवेला बलराम बहिणीला भक्तिभावाने नेमतो तोच अर्जुन निघतो. मोठ्या एकत्र कुटुंबातील वाचकांना हे घर परके वाटणार नाही. आपल्याकडेही पेढीवरचे ज्येष्ठ बंधू स्थळ पक्के करून येतात आणि मुलीला मागाहून विचारतात, किंवा विचारीत नाहीत. सुभद्रा मात्र गाऊन सांगते. साकी, दिंडी, लावणीच्या आणि कानडी पदांच्या परिचित चाली यांमुळे तिची पदे प्रेक्षक सहज गुणगुणत घरी नेऊ शकले. तिच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकर होते. पुढे बालगंधर्वांनी ती केली. अण्णासाहेब १८८५ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. ‘सौभद्र’चे प्रयोग अद्याप होतात.

हे सारे वाचून पुन्हा ‘करकंडचरिउ’ उघडले की डोळे निराळ्या जागी थांबतात. हत्ती आणि वारुळाचा प्रसंग नेत्रदीपक खरा. त्यापुढे मूर्तीच्या सिंहासनावरील गाठ फोडताच पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरून जाते, तो प्रसंगही तसाच. पण माझ्या मते गाणे तेथे नाही. ते आहे त्याआधी, चंपानगरीच्या रणभूमीवर. स्मशानात जन्मलेला, आईपासून दुरावलेला करकंड आता राजा झाला आहे आणि चंपेच्या राजाशी लढावयास उभा आहे. तो राजा आपला पिता आहे हे त्याला ठाऊक नाही. समोर आपला पुत्र आहे हे पित्यालाही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एकट्या पद्मावतीला, आणि ती दोन सैन्यांच्या मध्ये येते.

आपल्या पाठशाळांतील मुली दरवर्षी नाटिका बसवतात. यंदा एखाद्या शिक्षिकेने हा एवढाच प्रसंग घ्यावा. निवेदन करणाऱ्या मुलीला पडद्याआड पाठवावे, आणि पद्मावती होणाऱ्या मुलीला विचारावे, की तेथे उभी राहून तू प्रथम कोणाला हाक मारशील, मुलाला की पतीला? ती हाक तिनेच तिला येईल त्या चालीत गाऊन पाहावी.