आदत, दोनदाती, चारदाती

डांगी जनावराच्या पाठीवरून हात फिरवला की तळव्याला बारीकसा तेलकटपणा लागतो. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात अंगावर घ्यायचा, वर भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात औत ओढायचे, तर कातडीतच काही सोय असावी लागते. ती या जातीत आहे. एन. आर. जोशी आणि राल्फ फिलिप्स यांचा भारत-पाकिस्तानातल्या गुरांवरचा ग्रंथ अन्न व कृषी संघटनेने १९५३ साली काढला, त्यात या तेलाची नोंद आहे. डांगाणातल्या, म्हणजे या गुरांच्या ओल्या मुलखातल्या माणसाला ती वाचायची गरज पडली नाही, एवढेच.

नाशिक म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, फार तर कांदा. जिल्ह्याचा पश्चिमेकडचा ओला काठ वेगळाच आहे. घोटी सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले की भाताची खाचरे सुरू होतात आणि पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे शिंतोडे उडालेली गुरे रस्त्यात आडवी येतात. बारी, शेंडी करत हाच पट्टा राजूरला जातो. मध्येच नाशिक संपून अहिल्यानगर जिल्हा लागतो. गुरांना त्याचा पत्ता नसतो. भाताची काढणी-झोडणी उरकली की हिवाळ्यात घोटीला आणि राजूरला डांगी जनावरांची प्रदर्शने भरतात. राजूरचे बहुधा डिसेंबरात. शेतीमालाचे मांडव, पाळणे, भेळेच्या गाड्या हे सगळे असतेच. पण माणसे येतात ती दावणींमधून फिरायला, दुसऱ्याच्या वळूचे वशिंड बघून घरच्या वळूबद्दल गप्प बसायला.

गट दातांवरून पडतात. दुधाचे दात अजून पडले नाहीत ते आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचे झाले की पुढच्या दातांची पहिली जोडी बदलते, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि सगळे आठ दात आले की जुळलेला. जन्मतारीख सांगणाऱ्या मालकावर कोणी विश्वास ठेवत नाही. ओठ वर करून तोंडात बघितले जाते. त्यानंतर पशुवैद्यकाची नजर वरून खाली उतरते. डोके लहान हवे, कपाळ किंचित पुढे आलेले. शिंगे आखूड आणि जाड. गळ्याची पोळी सैल, लोंबती. पाय आखूड पण खांबासारखे, आणि खूर काळे, टणक, कारण दगडधोंड्यांच्या उतारावर मऊ खुराचे जनावर महिनाभर टिकत नाही. रंगाला इथे स्वतःची नावे आहेत: पारा, बहाळा, मनेरी. घरातल्या जुन्या माणसाने वासरू जन्मल्या सकाळी त्याचा रंग ठरवून टाकलेला असतो.

प्रदर्शनाची तयारी म्हणजे आदल्या आठवड्यातली आंघोळ आणि शिंगांना हिंगूळ, असा शहरातल्या पाहुण्याचा समज होतो. खरी तयारी दुधापासून सुरू होते. डांगी गाय एका वेताला सरासरी पाच-साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध देते. संकरित गायवाला तेवढे दोन महिन्यांच्या आत डेअरीला घालतो. या थोड्या दुधातले चारही सड वासराला सोडायचे की दोन घरच्या चहाला राखायचे, हा निर्णय पहिल्या आठवड्यात होतो, आणि दीड वर्षाने रिंगणात तो दिसतो. जे घर चहा काळा पिते त्याचा गोऱ्हा पुढे निघतो.

मग पावसाळा. डांगी जनावर पावसाला भीत नाही, पण पोटातल्या जंतांना त्याच्या तेलकट कातडीचे काय? खाचरांच्या कडेला, ओढ्याकाठी गोगलगायी असतात. त्यांच्यावाटे पसरणारा चपटा कृमी जनावराच्या यकृतात जाऊन बसतो. जनावर खाते, पण अंगाला लागत नाही. जबड्याखाली सूज येते, केस उभे राहतात. म्हणून जंताचे औषध वेळेवर, आणि घटसर्प-फऱ्याच्या लसी पाऊस पडायच्या आत. यात चुकलेल्याला नंतर कितीही पेंड घातली तरी डिसेंबर गाठता येत नाही.

खुराकही इथला इथेच. डोंगरावरचे हिरवे गवत दसऱ्यापर्यंत, पुढे भाताचा पेंढा आणि नागलीचे काड. पावसाळ्याच्या शेवटी उतारांवर खुरासणी पिवळी होते; तिचे तेल घरात आणि पेंड गोठ्यात जाते. ती रात्रभर भिजवून सकाळी भुश्यात कालवून घालतात. दिवाळीनंतर काही जणांना घाई होते आणि ते दुप्पट-तिप्पट खुराक चालू करतात. जनावर फुगते, चमकते, फोटोत छान येते. जाणता परीक्षक मात्र शेवटच्या बरगडीवर आणि शेपटीच्या मुळाशी बोटे दाबतो; तिथे चरबीची गादी लागली की त्याला हे वळू महिनाभरात बनवलेले आहे ते कळते. ज्याला चढावर चढायचे आहे, चिखलणीचे औत ओढणारी पुढची पिढी द्यायची आहे, त्याच्या अंगावर मांस हवे, चरबी कशाला?

तेलाचेही तसेच. जनावर चकाकावे म्हणून खोबरेल चोपडून आणण्याची हौस काहींना असते. इतर जातींत ते खपून जाईल. डांगीत कातडीचे तेल हाच जातीचा दाखला. त्यावर बाटलीतले तेल ओतले की परीक्षकाच्या तळव्याला काहीच वाचता येत नाही. दारणेच्या किंवा प्रवरेच्या पात्रात पेंढ्याच्या बोळ्याने घासून, उन्हात वाळवून आणलेले जनावर बघावे. त्याला कशाची गरज नसते.

उरते ते सगळ्यात अवघड काम, आणि ते पैशाने होत नाही. वळूला माणसांत उभे राहायला शिकवायचे. डोंगरातले वासरू सकाळी सुटते, संध्याकाळी परतते. कळपाबाहेर एकटे उभे राहणे त्याला ठाऊक नसते. त्याला अचानक लाऊडस्पीकर, पिपाणी आणि शेकडो माणसांत आणले तर ते कासरा ओढून पळते, नाहीतर बसकण मारते. म्हणून सहा-सात महिन्यांचे असतानाच म्होरकी घालून रोज थोडे फिरवायचे. आधी अंगणात, मग वाडीतून, मग एसटीच्या थांब्यापर्यंत. थांबवले की चारही पाय सारखे टेकून उभे राहायला लावायचे. वेसण टोचायला पुढे दीड-दोन वर्षे जातात. तोवर जे काही चालते ते ओळखीवर. ओळख कोणाशी, तर जो रोज फिरवतो त्याच्याशी. आणि डांगाणात रोज फिरवणारा बहुतेक वेळा बारा-चौदा वर्षांचा असतो.

महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये गुरे राखणे हे पोरांचे काम. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. गुराखी पोरे शिधा गोळा करतात, वाघदेवाच्या थानाजवळ खीर रांधतात, वर्षभर गुरे सलामत राहिली म्हणून नैवेद्य दाखवतात. सणाचे मानकरी तेच. कोणती गाय खोडकर, कोणता गोऱ्हा पाण्याला बिचकतो, कोणाच्या मागच्या खुरात भेग आहे, ही माहिती त्यांच्याकडे असते. बापाकडे असते ती कर्जाची. पण प्रदर्शनात कासरा धरून उभा राहतो बाप किंवा चुलता. फेटा त्यांना, पुकारा त्यांच्या नावाचा, बातमीत नाव त्यांचे. पोरगा दावणीमागे पेंढा पसरत असतो.

अमेरिकेत याच कामाची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. १९०२ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळेच्या अधीक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा एक क्लब काढला. त्यातून फोर-एच ही चळवळ वाढली आणि १९१४ च्या कायद्याने ती कृषी विद्यापीठांच्या विस्तार कामाशी जोडली गेली. मूल एक वासरू, कोकरू किंवा डुक्कर स्वतः वाढवते, खाद्याचा आणि खर्चाचा हिशेब वहीत ठेवते, आणि उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत रिंगणात आणते. तिथे बक्षिसे दोन प्रकारची असतात. एका गटात जनावर पाहतात. दुसऱ्यात जनावर बाजूला ठेवून हाताळणारे मूल पाहतात: जनावर त्याच्या ताब्यात आहे का, परीक्षकाने विचारलेल्या खाद्याच्या प्रश्नाला उत्तर येते का, जनावर बिथरले तर ते काय करते. साधारण कालवड घेऊन आलेली मुलगी इथे उत्तम कालवडवाल्याला मागे टाकू शकते. या जत्रांचा शेवट मात्र पुष्कळदा लिलावात होतो आणि वर्षभर हाताने चारलेले जनावर कत्तलखान्यात जाते. तेवढा भाग आपण घ्यायची गरज नाही.

दुसरा गट मात्र घ्यावा असे मला फार वाटते, आणि डांगीच्या बाबतीत तर लगेच. शर्यतीच्या खिल्लार जातीकडे बघा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. शर्यत परतली तसे खिल्लारच्या दावणीला पुन्हा तरुण पोरे दिसू लागली. डांगी बैल सावकाश चालणारा, जड. तो कोणत्याही शर्यतीत पहिला येणार नाही. त्याचे मैदान चिखलणीचे, आणि तिथे आता पॉवर टिलर आला. २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल शेवटपर्यंत दावणीला ठेवायचा खर्च घरावर येतो. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गाईला राज्यमाता ठरवले, त्या निर्णयात उत्तर महाराष्ट्राची म्हणून डांगीचे नाव आहे, आणि गोशाळांना गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदानही जाहीर झाले. वाडीतल्या ज्या घराने चांगला वळू राखला त्याला त्यातले काही नाही. त्याच्यासाठी हिवाळ्यातले प्रदर्शन आहे. तिथे वळूचे नाव झाले की आजूबाजूच्या गावांतून गाई भरवायला येतात, त्याच्या गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक मिळते, आणि पुढची दोन-तीन वर्षे वळू आपला खुराक आपण मिळवतो.

हा धागा किती नाजूक आहे ते २०२२ ला दिसले. लम्पी आला, सप्टेंबरात जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने राज्यभर बंद झाली. गाठींच्या या रोगात कातडीच बिघडते, म्हणजे डांगीची नेमकी दौलत. त्याआधी करोनाची दोन वर्षे गेलेली. माणसांना हे तीन हिवाळे थोडे वाटतील, पण आदत असलेला गोऱ्हा तेवढ्यात जुळत आला. एका पिढीला रिंगण बघायलाच मिळाले नाही. आता जनावरे एकत्र आणायची तर कानात बारा आकडी बिल्ला हवा. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारातली खरेदी-विक्रीही राज्यात बंद आहे. ते योग्यच झाले. बिल्ल्यामागच्या नोंदीत जनावराची जात, वय, लसी आणि मालकाचे नाव बसते. राखणाऱ्याला तिथेही रकाना नाही.

हाताळणाऱ्या मुलांचा असा गट काढणे अवघड नाही. आदत कालवड किंवा गोऱ्हा, कासऱ्याला अठरा वर्षांखालचा मुलगा किंवा मुलगी, सोबत लसींची तारीख आणि खुराकाचा हिशेब लिहिलेली शंभर पानी वही. प्रश्न पाच, तेही मराठीत आणि दमाने विचारलेले. बक्षीस म्हणून ढाल देऊ नये. पेंडीचे पोते द्यावे, किंवा पुढच्या वर्षीची कालवड.

अडचण एकच आहे आणि ती जनावराची नाही. या वाड्यांमधली बरीच पोरे आश्रमशाळांत राहतात. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी असतात, वासराला हाताची सवय लावतात, आणि सुट्टी संपली की शाळेत परत. प्रदर्शन भरते तेव्हा वर्ग चालू असतात. त्या दोन-तीन दिवसांची रजा आश्रमशाळेने द्यायला हवी आणि ती आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून मंजूर करून घ्यायला हवी. अकोले तालुक्यातल्या शाळांसाठी ते कार्यालय लांब नाही. ते राजूरलाच आहे.