छोट्या पडद्यावरील तपासकथा – लेखांक ६ : ‘सीआयडी’ आणि कबुलीजबाबाचा प्रश्न

मागील दोन लेखांकांत ‘करमचंद’ (१९८५) आणि ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) या दूरदर्शनवरील मालिकांचा विचार करताना असे दिसून आले होते की, या दोन्ही मालिकांत तपास हे एकट्या व्यक्तीच्या बुद्धीचे कार्य आहे. गाजर खाणारा करमचंद असो वा धोतर नेसणारा ब्योमकेश, पोलिसांच्या नजरेतून सुटलेले त्याला दिसते, आणि पोलीस खाते कथेत येते ते बहुतेक वेळा नायकाची हुशारी उठून दिसावी एवढ्यापुरतेच. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘सीआयडी’ने ही मांडणी बाजूला ठेवली. येथे तपास करणारे एक पथक आहे, त्याला हुद्द्यांची उतरंड आहे, कार्यालय आहे, प्रयोगशाळा आहे, आणि गुन्ह्याचा उलगडा वाटून दिलेल्या कामांच्या बेरजेतून होतो. २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, या मालिकेचे १,५४७ भाग प्रसारित झाले आणि सहा वर्षांच्या खंडानंतर २१ डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा सुरू झाली. इतका काळ तग धरणाऱ्या कथारूपाचा विचार निव्वळ करमणूक म्हणून करून भागत नाही, कारण पोलीस ठाण्याची पायरी कधीही न चढलेल्या असंख्य कुटुंबांत ‘तपास’ म्हणजे काय याची कल्पना याच मालिकेने घडवली. ही कल्पना कोठे अचूक होती आणि कोठे तिने प्रेक्षकाला चुकीच्या वाटेने नेले, हा या लेखांकाचा विषय आहे.

मालिकेचे निर्माते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म संस्थेत तयार झालेले छायालेखक असून त्यांची सुरुवातीची उमेदवारी मुंबई दूरदर्शनवर झाली होती. प्रदीप उप्पूर यांच्यासह ‘फायरवर्क्स’ या संस्थेमार्फत त्यांनी सोनीसाठी प्रथम ‘आहट’ ही भयकथांची मालिका आणि नंतर ‘सीआयडी’ केली. मात्र ‘सीआयडी’चे बीज त्याहून जुने आहे आणि ते मराठी आहे. पोलीस नियंत्रण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेली ‘एक शून्य शून्य’ ही सिंग यांची मराठी मालिका मुंबई दूरदर्शनवरून प्रसारित होत असे आणि तिच्यात शिवाजी साटम यांची भूमिका होती. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या मराठी वाचकाला साहसी, एकाकी नायकाची ओळख होतीच. सरकारी नोकरीतला, वर्दीच्या जबाबदारीने वागणारा पोलीस कथेच्या केंद्रस्थानी आणणे ही त्या मालिकेची खरी कामगिरी होती आणि तिचा जितका उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही. सेंट्रल बँकेत रोखपाल म्हणून काम केलेले आणि बँकांच्या नाट्यस्पर्धांतून पुढे आलेले साटम पुढे एसीपी प्रद्युम्न झाले, तेव्हा त्यांच्या वागण्याबोलण्यात चित्रपटी फौजदाराच्या रुबाबापेक्षा कार्यालयातल्या वरिष्ठाचा करडेपणा अधिक होता. पहिल्या वर्षी त्यांच्यासोबत निरीक्षक वीरेंद्रच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर होते. पुढे आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, थाळीफेकीच्या मैदानावरून अभिनयात आलेले दयानंद शेट्टी यांचा दया, नरेंद्र गुप्ता यांचे डॉ. साळुंखे आणि दिनेश फडणीस यांचा फ्रेडरिक्स अशी या पथकाची ओळख पक्की झाली.

मालिकेच्या नावाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘सीआयडी’ म्हणजे राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग. त्याचे मुख्यालय पुण्यात असून शासनाने, न्यायालयाने वा पोलीस महासंचालकांनी सोपवलेले गुन्हे तो हाताळतो आणि राज्याचे अंगुलिमुद्रा केंद्रही त्याच्याच अखत्यारीत येते. मुंबई शहरातील खुनाचा तपास मुळात स्थानिक पोलीस ठाण्याकडे असतो आणि त्याला समांतर तपास पोलीस आयुक्तालयाची गुन्हे शाखा करते, जिच्या औपचारिक नावात सीआयडी ही अक्षरे आजही आहेत. मालिकेने या दोन्हींचे मिश्रण करून एक स्वतंत्र कार्यालय कल्पिले, आणि तेथे सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी प्रत्येक मृतदेहापाशी स्वतः हजर राहतो. प्रत्यक्षात हे काम तपासी अंमलदाराचे, म्हणजे बहुधा निरीक्षक वा सहायक निरीक्षकाचे असते आणि सहायक आयुक्ताकडे देखरेख असते. कथेच्या सोयीसाठी घेतलेली ही मोकळीक फारशी आक्षेपार्ह नाही.

भागाची रचना जवळजवळ ठरलेली असते. मृतदेह सापडतो, पथक पोहोचते, प्रद्युम्न हवेत बोटे फिरवत काहीतरी बिनसल्याचा संशय बोलून दाखवतात, दया आणि अभिजीत दोन दिशांना जातात, एखादे बंद दार दयाच्या खांद्याने वा लाथेने उघडते, तीनचार संशयितांपैकी प्रत्येकाकडे खून करण्याचे काहीतरी कारण निघते, डॉ. साळुंखे यांच्या टेबलावर निर्णायक धागा मिळतो, आणि शेवटी सर्व संबंधितांना समोर बसवून गुन्हेगाराचे नाव उच्चारले जाते. त्यानंतर बहुधा एक थप्पड, मग कबुली, कबुलीसोबत पूर्वघटनेचे दृश्य, आणि अखेरीस फाशीचे भाकीत. पुनरावृत्ती हा या रचनेवरचा नेहमीचा आक्षेप आहे, पण तो वरवरचा आहे. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग ठरलेले असतात, तरीही आख्यान दरवेळी नवे असते आणि श्रोता त्या ठरलेपणासाठीही येतो. ‘सीआयडी’च्या प्रेक्षकाचे नाते याच जातीचे होते. खरा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांचा आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी प्रयोगशाळेचा विचार करणे इष्ट, कारण मालिकेचे सर्वांत मोठे श्रेय आणि सर्वांत मोठी दिशाभूल एकाच खोलीत आहेत. विषाचे रसायन, जखमेची खोली, मृत्यूची वेळ, बोटांचे ठसे आणि डीएनए या सगळ्याचा उलगडा एकटे साळुंखे करतात, तोही पथक दारात उभे असताना. प्रत्यक्षात ही कामे अनेक हातांतून जातात. संशयास्पद मृत्यूत पोलीस प्रथम पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात, म्हणजे मृतदेहाची स्थिती, कपडे, दिसणाऱ्या जखमा यांची लेखी नोंद घेतात. नंतर शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतो. विषप्रयोगाचा संशय असल्यास जठर व त्यातील अन्न, आतड्याचा काही भाग, यकृत आणि मूत्रपिंड यांचे नमुने मिठाच्या संपृक्त द्रावणात, म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळणार नाही अशा पाण्यात, ठेवून बरण्यांना लाखेची मोहोर लावतात. यालाच ‘व्हिसेरा राखून ठेवणे’ म्हणतात. मोहोरबंद बरण्या पत्रासह पोलिसाच्या हाती दिल्या जातात आणि त्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, मुंबईपुरते बोलायचे तर कलिन्याला, जातात. तोपर्यंत शवविच्छेदनाच्या कागदावर मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवलेले असते. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला पोलीस आणि वकील दोघेही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, हाती आला की वैद्यकीय अधिकारी अंतिम मत देतो. बरणी कोणी मोहोरबंद केली, कोणी नेली, प्रयोगशाळेत मोहोर शाबूत होती का, या प्रत्येक टप्प्याची नोंद खटल्यात तपासली जाते आणि एक दुवा निसटला तर निर्दोष रसायनशास्त्रही निरुपयोगी ठरू शकते. हे सगळे दाखवणे मालिकेला शक्य नव्हते हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, वेळ आणि नोंद या दोन गोष्टी वगळल्यामुळे विज्ञान हे चमत्कारासारखे दिसू लागले. तरीही साळुंखे यांच्या टेबलामुळेच मृतदेह ‘बोलतो’ ही जाणीव भारतीय घरांत पोहोचली आणि साक्षीदाराच्या तोंडच्या शब्दापेक्षा वस्तूची साक्ष महत्त्वाची असू शकते हे लहान मुलांनाही समजले, ही बाब मोलाची आहे.

मग एवढे विज्ञान उभे करून अखेर मालिका त्याचे काय करते? ती त्याचा उपयोग गुन्हेगाराला कबूल करायला लावण्यासाठी करते. प्रयोगशाळेचा अहवाल आरोपीच्या तोंडावर फेकला जातो, तो कोसळतो आणि सारे सांगून टाकतो. येथे प्रकरण संपते. भारतीय कायद्यात नेमके येथे काहीही संपत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हता, आणि कलम २६ नुसार पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेल्या कबुलीला ती दंडाधिकाऱ्याच्या समक्ष असल्याखेरीज किंमत नव्हती. कोठडीतील छळाने हवे ते वदवून घेता येते, हा अनुभव या तरतुदींच्या मुळाशी होता. कलम २७ ने एक अपवाद ठेवला: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हस्तगत झाली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. आरोपीने चाकू विहिरीत टाकल्याचे सांगितले आणि तो पंचांसमक्ष विहिरीतून निघाला, तर चाकू कोठे आहे हे त्याला ठाऊक होते एवढे सिद्ध होते. त्याच वाक्यात त्याने खुनाची कबुली दिली असली तरी ती बाजूला काढावी लागते. स्वेच्छेने कबुली द्यायचीच असेल तर दंडाधिकाऱ्याने आरोपीला तो कबुली देण्यास बांधील नसल्याचे आणि ती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते याचे भान देऊन ती नोंदवावी लागते. याचा अर्थ असा की, ‘सीआयडी’च्या बहुसंख्य भागांचा शेवट ज्या कबुलीवर होतो, ती न्यायालयात उभी राहू शकत नाही.

न्यायालयात उभे राहते ते त्याआधीचे काम. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या खटल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, महाराष्ट्रातीलच एका मृत्यूच्या प्रकरणात, परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी, ती आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हवी, तिचा कल निर्णायक हवा, दोषाखेरीज अन्य शक्यता तिने वगळायला हव्यात, आणि साऱ्या दुव्यांची साखळी इतकी पूर्ण हवी की निरपराधपणाला वाजवी जागा उरू नये. ‘सीआयडी’चे पथक मधल्या अर्ध्या तासात हेच करत असते: ठसा, पावती, दूरध्वनीची नोंद, बुटाला लागलेली माती एकेक करून जोडत असते. कथेची खरी ताकद येथे असताना लेखकांनी तिच्यावर भरवसा ठेवला नाही आणि शेवट थप्पडेच्या हवाली केला, ही या मालिकेची सर्वांत खेदजनक बाब होय. त्यातून अटक म्हणजे शिक्षा असा समज दृढ झाला. फाशीचे भाकीतही याच समजाचा भाग आहे. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यापासून ही शिक्षा विरळातल्या विरळ प्रकरणांपुरती राखलेली आहे आणि ती सांगण्याचा अधिकार कोणत्याही दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला नाही.

या कथारूपाचा एक वेगळा प्रयोग मात्र स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झालेला ‘द इनहेरिटन्स’ हा १११ मिनिटांचा भाग लोणावळ्याच्या एका बंगल्यात एकाच सलग दृश्यात, म्हणजे कॅमेरा मध्ये कोठेही न थांबवता, चित्रित करण्यात आला आणि त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली. ३५ मिलिमीटर फिल्मचे एक हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते, म्हणूनच हिचकॉक यांना ‘रोप’मध्ये (१९४८) अखंडतेचा आभास निर्माण करण्यासाठी जोड लपवावे लागले होते, ती अडचण डिजिटल तंत्राने दूर केली आणि सोकुरोव यांचा ‘रशियन आर्क’ (२००२) त्यातूनच शक्य झाला. पण चित्रपटाला तालमीसाठी महिने मिळतात; दूरचित्रवाणीच्या मालिकेला पुढचा भाग देण्याची घाई असते, आणि अशा कारखान्यासारख्या वेगात एखादा नट संवाद चुकला तर सारे पहिल्यापासून, ही जोखीम घेणे हे धाडस होते. तपासकथेच्या दृष्टीने याचे महत्त्व आणखी आहे. चित्रपटातील ‘कट’ हे काळाची उडी मारण्याचे साधन आहे. अहवाल मागितला आणि पुढच्याच दृश्यात आला, हे केवळ कटमुळे साधते. तो सोडल्यावर तपासाला खऱ्या घड्याळात वावरावे लागते, खोलीतून खोलीत चालत जावे लागते. छायालेखक म्हणून घडलेल्या सिंग यांनाच असा भाग सुचावा, यात नवल नाही.

२०२४ च्या पुनरागमनात प्रद्युम्न, अभिजीत आणि दया हे तिघे परतले. डिसेंबर २०२३ मध्ये निधन पावलेले फडणीस त्यात नव्हते. दरम्यान पडद्याबाहेरील कायदा बदलला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले असून, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. प्रयोगशाळेचा माणूस मृतदेहापाशी पोलिसांच्या बरोबरीने उभा राहावा, हे चित्र ‘सीआयडी’ने १९९८ पासून रंगवले होते, आता ते कायद्याच्या शब्दांत उतरले आहे. पुरावा अधिनियमाची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये मात्र जुनी कलमे २५, २६ आणि २७ एकत्र येऊन कायम राहिली, त्यामुळे प्रद्युम्न यांच्यासमोर दिलेली कबुली १८७२ मध्ये जेवढी निरुपयोगी ठरली असती, तेवढीच ती आजही आहे.

पुढील लेखांकात २००३ मध्ये याच वाहिनीवर सुरू झालेल्या ‘क्राईम पेट्रोल’चा, आणि घडलेल्या गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर करताना उद्भवणाऱ्या प्रश्नांचा, विचार केला जाईल.